मागितला की द्यायचा

नाही, घरी नाहीयेत. दळण आणायला गेलेत, येतील — रविवारी गिरणीत रांग असते, आणि ह्यांच्यापुढे कोणीही डबा सरकवला तरी हे म्हणणार, असू दे, असू दे, मला घाई नाही. तेव्हा वेळ आहे. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — हं, इकडे पंख्याखाली. सांगलीहून आलात म्हणजे डोंबिवलीत कोणी असेल ना तुमचं? कोणीच नाही? म्हणजे खास ह्यांना भेटायला आलात, ‘खाडीपार’साठी? कमाल आहे. लग्नाचं आमंत्रण दिलं तर माणसं कल्याणहून येत नाहीत. आणि तुमच्या हॉस्टेलवर खेळतात म्हणे, सगळा मजला खेळतो — बघू ती झेरॉक्स. हो, अक्षर ह्यांचंच. प्रभाकर अच्युत लेले, रामनगर, डोंबिवली पूर्व. पत्ता घालायची हौस बघा. कोणाच्या कोणाच्या हातून तुमच्यापर्यंत पोचली ही देव जाणे — झेरॉक्सची झेरॉक्स दिसतेय, खालच्या ओळी कापल्यात, कडा काळ्या झाल्यात. असो. मी मंजुळा, त्यांची बायको. त्यांच्याकडून तुम्हाला या खेळाबद्दल काय ऐकायला मिळेल मला माहितीये — काही नाही. जमिनीकडे बघतील आणि म्हणतील, तो अजून पुरा झालेला नाही. तेव्हा माझ्याकडून ऐका. खेळ वाईट आहे.

राग मानू नका. तुम्हाला आवडला ते दिसतंय. पण आवडला कारण तुम्ही सगळे एका मेसमध्ये जेवणारे मित्र. चांगली माणसं बसवली की कुठलाही खेळ चांगला वाटतो हो, गाण्याच्या भेंड्यांना काय नियम असतात? खेळ तपासायचा तर एक वाईट माणूस बसवायचा. म्हणजे चोर नव्हे — चोराला काय, तो फासा लपवील, त्यात खेळाचा दोष नाही. असा माणूस, की जो कागदावर लिहिलंय तेवढंच करील, आणि लिहिलंय तेवढं सगळं करील. त्याच्यापुढे जो टिकतो तो खेळ. बाकी सगळी करमणूक. हे मी ह्यांना पहिल्या वर्षीच सांगितलेलं. पहिल्या वर्षी मला विचारलं कोणी नव्हतं, पण सांगितलेलं.

सुरुवात कुठून झाली सांगते. ह्यांच्या कंपनीत लिओ आहे, कोपरीचा. त्याचा भाऊ सेलेस्टीन जहाजावर. तो एकदा तिकडून एक खोका घेऊन आला — आत इंग्रजी पुस्तक, आणि फासे. आपले सहा बाजूंचे नव्हेत, चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा, लिंबासारखा गोल. तुम्हाला माहीत असेल ते सगळं, आता काय मुलांना सगळं माहीत असतं. पट नाही, सोंगट्या नाहीत, एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. मी ते पुस्तक वाचलं — हो, वाचलं, मी बीएस्सी आहे, मॅथ्स घेऊन, मी क्लास घेते इथे दहावीचे — जखमेचं कोष्टक वेगळं, बेशुद्ध पडायचं वेगळं, दार लाथेने उघडलं तर वेगळं, खांद्याने उघडलं तर वेगळं. मी म्हटलं, हा खेळ आहे की इन्कम टॅक्स. पण एक होतं त्यात. मेलं की मेलं. फासा पडला, संपलं. ते मला पटलं. ह्यांना तेच पटलं नाही. पहिल्याच दिवशी ह्यांच्याबरोबरचा चंदू — चेंदणी कोळीवाड्यातला, मशीन शॉपला होता, मोठा लाघवी मुलगा — त्याचा माणूस पहिल्याच खोलीत खड्ड्यात पडून मेला. आणि मग चंदू दुपारभर नुसता बसून दुसऱ्यांचा खेळ बघत होता. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, मंजू, असा खेळ पाहिजे ज्यात कोणी बाहेर बसणार नाही. आणि हे मला कुठे सांगतायत, तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून. मी ओट्याशी.

मग ‘खाडीपार’ केला. फिरंग्यांच्या काळातली खाडी, घोडबंदरहून निघालेला एक मचवा, आणि त्यावरची माणसं. फासा साधा, ल्युडोचा. आणि चिंचोके — प्रत्येकाला पाच, चिंचोका म्हणजे श्वास. धाडस करायचं तर एक श्वास खर्च करायचा आणि फासा टाकायचा, चुकलं तर आणखी एक जातो, सगळे गेले की माणूस मेला. आणि मग ह्यांचा लाडका नियम, पहिल्या पानाच्या तळाला, खाली रेघ मारून — साथीदाराकडे श्वास मागता येतो, आणि मागितला की द्यायचा. नाही म्हणायचं नाही. म्हणजे मचव्यावर एकाकडे जरी श्वास असला तरी दुसरा मरत नाही. लिओ तर रडायच्या बेताला आला ऐकून. म्हणाला, प्रभाकर, हे आमच्या फादरला दाखव. मी तेव्हाच मनात म्हटलं, हे मोडणार. एका मिनिटात मोडणार. पण सांगायचं कोणाला.

दर रविवारी इथे जमायचे, याच खोलीत. हे गोष्ट सांगणारे, नाखवा म्हणायचे त्यांना. आणि तुम्हाला खोटं वाटेल — तुम्ही भेटलेला नाहीत ना अजून — हा माणूस बोलायचा. आवाज काढायचा. फिरंगी कप्तान व्हायचा, जकात घेणारा व्हायचा, एक आंधळी म्हातारी होती ती व्हायचा. हसायचा, टेबलावर थाप मारायचा. मी आत पोहे परतत असायची आणि मला वाटायचं, कोण आलंय घरी. कारण सोमवार ते शनिवार हा माणूस माझ्याशी काय बोलायचा? गॅस लावलाय का. लाइट बिल आलं का. पोळ्या झाल्या का. लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन माणसं घरात — आणि आवाज सगळे रविवारसाठी राखून ठेवलेले. मी चहाचा ट्रे घेऊन गेले की थांबायचे. तिघंही थांबायचे. मी बाहेर आले की कोणी तरी येऊन खिडकी उघडावी तसं. चहा ठेवला, मी आत गेले, की परत सुरू. तुम्ही असल्या ट्रेकडे कधी नीट बघितलंय का — जाऊ दे. तुमचं लग्न व्हायचंय.

एकदा चंदू आला नाही. त्याचे वडील, गोमाजी, आजारी होते. दोघांत खेळ जमेना म्हणून लिओ म्हणाला, वहिनी, बसा ना. हे म्हणाले, तिला कशाला त्रास. मी पदराला हात पुसले आणि बसले. मालू नाव घेतलं — तांडेलाची विधवा, स्वतः मचवा हाकणारी. आणि मी खेळले हो. त्या दुपारी मी काय खेळले. वसईच्या बाजूला पाठलाग सुरू झाला, मचवा खडकावर लागला, आणि लिओचा सैनिक पाण्यात. कोणी तरी खाली उतरून मचवा खांद्याने लोटायचा, एवढाच मार्ग. माझ्याकडे एक श्वास उरलेला. लिओ म्हणतोय, वहिनी, माझ्याकडून मागा, माझ्याकडे आहेत. मी नाही मागितला. मालू मागणारी नव्हती. मी तो शेवटचा चिंचोका खर्च केला, फासा टाकला — एक. चुकलं, श्वास संपला. पण आधी लोटलेला मचवा सुटला होता, हे असं मी सांगितलं आणि लिओने मानलं. मालू मेली, मचवा सुटला. इतकं चांगलं काही माझ्या हातून आजवर — बरं. आणि हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तेवढ्यात वरून एक दोर आला. मी विचारलं, कुठून? वर कोण होतं? म्हणाले, होतं कोणी तरी. मी म्हटलं, फासा बघा, मी मेलेय. तर हळूच म्हणाले, राहू दे ना, मंजू. लहान मुलीला लपंडावात राज्य देत नाहीत ना, तसं. लिंबूटिंबू. चंदूला कधी दोर आला नव्हता, लिओला आला नव्हता. ते खेळत होते. मला आला, कारण मी बायको, मी पाहुणी, मी हौसेने बसलेली. मी उठले आणि भांडी घासली. हे आत येऊन म्हणाले, मजा आली ना?

आता नीट ऐका, कारण तुम्ही ह्याच्यासाठी आलात. ठाण्यात एक हरिहर म्हणून गृहस्थ होते, पत्त्यांचे नि पटांचे खेळ छापायचे. लिओने त्यांना गाठलं. ते म्हणाले, खेळून दाखवा, आवडलं तर दिवाळीला काढू. कोपरीला लिओच्या घरी ठरलं. त्याची बायको गर्ट्रूड, तिने केक केला होता. हे आठ दिवस झोपले नाहीत, नवे चिंचोके घासून तेल लावून चकचकीत केले. आणि मी म्हटलं, मीही खेळते. तर किती खूश झाले — अहो, खरंच खूश झाले, तेच तर. म्हणाले, तू मालू हो, तुझी मालू छान होती.

मालू झाले. हरिहर बाजूला खुर्ची टाकून बसले. मचवा निघाला, हे नाखव्याच्या आवाजात म्हणाले, वारा पडलाय, काय करता? मी म्हटलं, लिओ, एक श्वास दे. लिओ हसला, म्हणाला, वहिनी, तुमच्याकडे पाच आहेत. मी म्हटलं, मागितला की द्यायचा. दिला. मी म्हटलं, आणखी एक. हे माझ्याकडे बघायला लागले. कागदात कुठे लिहिलंय, गरज असेल तरच मागा? कुठे लिहिलंय, एका वेळी एकच? मी लिहिलेलं खेळत होते. लिओचे पाचही घेतले, सैनिक वल्ह्यावर बसल्या बसल्या मेला. मेलेला परत मागू शकत नाही, तेही लिहिलेलं आहे. मग चंदूकडे वळले. चंदूच्या तांडेलाचं नाव गोमाजी. वडिलांचं नाव. वडील त्याच पावसाळ्यात गेलेले, आणि हा तांडेल तीन वर्षांत एकदाही मेला नव्हता, सगळे मिळून त्याला जपायचे — खेळात असं जपू नये कोणाला, खेळ नासतो. चंदूने चार दिले. पाचव्यावर हात ठेवला. म्हणाला, वहिनी, हा एक राहू द्या. मी म्हटलं, मागितला. तो ह्यांच्याकडे बघत होता. हे काही तरी म्हणतील म्हणून मीही बघत होते. एक दोर सोडला असता तरी मी थांबले असते — नाही, नसते थांबले. पण सोडायला हवा होता. ह्यांनी मान खाली घातली. चंदूने हात उचलला, चिंचोका सरकवला, आणि उठून हात धुवायला गेला. तो मागच्या दाराने घरी गेला हे गर्ट्रूडने मग सांगितलं. मी एकटी पुढे गेले, पंधरा श्वास घेऊन. एकदाही चुकण्याची भीती नाही. बंदर आलं, उतरले. हरिहर इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, वहिनी, तुम्ही खेळच गिळलात. केक खाल्ला आणि गेले. ते काही परत आले नाहीत, आणि त्यांचा दोष नाही. मोडणारी वस्तू कोण छापील?

मग आम्ही दोघं स्टेशनपर्यंत चालत आलो. मला वाटलं, आता ओरडतील. रस्त्यात ओरडतील, लोक बघतील, चालेल. पुलावर थांबले आणि म्हणाले, छान खेळलीस. टोमणा नव्हता हो तो. मनापासून. त्यांना खरंच वाटलं, चूक कागदात होती, मी दाखवून दिली.

वाईट झालं, असा चेहरा नका करू. पाणी प्या. वाईट काही झालं नाही. लिओ आला नाही, चंदूने कंपनी बदलली, रविवार संपले — आणि हे माझ्याशी बोलायला लागले. खरंच सांगते. तेव्हापासून रोज संध्याकाळी, कंपनीतून आले, चहा झाला, की इथे बसतात आणि म्हणतात, मंजू, असं केलं तर मोडेल का गं? शेवटचा एकच उरला की मगच मागता येईल असं केलं तर? मी म्हणते, मोडेल. मी मुद्दाम श्वास उधळेन, एकावर येईन आणि मागेन, परत उधळेन, परत मागेन. दोन दिवस विचार करतात. मग म्हणतात, नाही म्हणायची मुभा दिली तर? मी म्हणते, मग कोणी देणारच नाही, सगळे आपापली मूठ आवळून बसतील, मचवा नव्हे तो, चाळीतला नळ. ह्यांना हसू येतं. एकदा म्हणाले, एकाने एकदाच मागायचं. मी म्हटलं, मग माणसं हिशेब करतील, कोणी वापरलं, कोणाचं उरलं, गोष्ट गेली उडत. बोलताना ते आंधळ्या म्हातारीचा आवाज काढतात कधी कधी, मला पटवायला. पाच वर्षं झाली. शेजारच्या शेवंतीबाई म्हणतात, तुमच्यात किती बोलणं होतं हो, आमचे तर तोंड उघडत नाहीत. तेव्हा कळलं? त्यांना माणसं नकोत, प्रकाशक नकोत, सांगलीची पोरं नकोत. घ्या ती झेरॉक्स आणि मजेत खेळा आपसात, पण इथे —

काय म्हणालात?

नाही, थांबा. तुमच्याकडे कसं खेळतात म्हणालात? मागायचंच नाही?

कापलेली ओळ. हां — पानाच्या तळाची. तुमच्या कागदावर नुसतं ‘साथीदाराचा श्वास’ एवढंच आलंय, पुढचं गेलं. आणि तुमच्यातला एकजण सारखा भीक मागायचा म्हणून तुम्हीच ठरवलंत, मागायला बंदी. तोंडाने मागितलं तर मिळणार नाही. दुसऱ्याने आपण होऊन दिला तरच. मूठ झाकलेली, कोणाकडे किती उरलेत ते कळत नाही. मग कळतं कसं, कोणाला हवाय ते? — तोंडाकडे बघून. हं. सगळा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसता. आणि मोडत नाही. नाहीच मोडणार. मोडायला मागावं लागतं.

मला काय सांगतोयस. मला माहितीये ते. तू शाळेत असशील तेव्हापासून माहितीये. तो दोर आला ना माझ्यासाठी, त्याच संध्याकाळी, भांडी घासताना — मी मागितला नव्हता आणि आला, म्हणून तर इतका राग आला, आणि राग आला तेव्हाच दिसलं की खेळ इथे आहे, न मागता देण्यात, ह्यांनी नियम उलटा लिहिलाय. एका वाक्याचं काम. कोपरीला जाण्याआधी सांगता आलं असतं. गाडीत सांगता आलं असतं. चंदूने हात ठेवला तेव्हासुद्धा — आणि सांगून काय? छापला असता. परत रविवार. परत लिओ, परत हसणं, परत मी ट्रे घेऊन दारात. कोण न मागता देतं हो माणसाला, खेळात सोडून? मी बारा वर्षं नाही मागितलं. कोणी बघितलं माझ्या तोंडाकडे?

नाही, भेटून नाही जायचं. दोन मिनिटंसुद्धा नाही. तुला त्यांचा आदर वाटतो ना, मग ऐक. तू समोर बसशील, चहा घेशील, बोलता बोलता सहज म्हणशील, आमच्याकडे मागायला बंदी आहे — आणि ते तुझ्याकडे बघत राहतील, आणि त्यांना कळेल. आणि एवढे हुशार आहेत की दुसरंही कळेल, की मला कधीपासून माहीत होतं. तुला तुझी गाडी मिळेल. मला इथेच राहायचंय. पत्र लिहायचं नाही. त्यावर पत्ता आहे म्हणून लिहावंसं वाटेल, लिहू नकोस, टपाल मी घेते. ऊठ. बॅग घे. ती पिशवी तुझीच ना? पेढे? घेऊन जा, ठेवू नकोस, कोणी दिले विचारतील. जिन्यात पांढरा लेंगा घातलेला माणूस डबा घेऊन दिसला तर बाजूला हो, नमस्कार करायचा नाही. बघू नकोस माझ्याकडे असा. चल, आलेच — पायरीवर डबा टेकवतात प्रत्येक मजल्याला, तो आवाज. जा.

अहो, सांभाळून, उंबऱ्याशी ओलं आहे. — कोणी नाही हो. बी विंगमध्ये जायचं होतं त्याला, पत्ता चुकला. द्या तो डबा इकडे. केवढी रांग होती? — किती पीठ सांडलंय सदऱ्यावर. बसा, चहा टाकते. — हं. मग? रांगेत उभ्या उभ्या सुचलं असेल ना काही तरी. सांगा बघू, मोडतं का.